सकर विकताना त्याचं पूर्ण नाव सांगा

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या फिशटँकवर लेख होता. त्यात ‘काच साफ राहावी म्हणून एखादा सकर सोडावा’ अशी एक ओळ आहे. या ओळीपायी मी एकदा फसलोय, म्हणून लिहितो.

सकर म्हणजे तोंडानं काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा. मी बोटाएवढा सकर आणला होता. दोन वर्षांत तो फूटभर झाला. शेवाळ खायचं सोडून गोल्डफिशच्या अंगाला चिकटू लागला. दुकानदार परत घेईना. शेवटी बादलीत घालून प्रीतिसंगमाच्या घाटावर नेला आणि कृष्णेत सोडला. एक जीव वाचवला म्हणून त्या दिवशी मनातून खूशही होतो.

२०२० साली वाराणसीला गंगेत असाच मासा सापडल्याची बातमी वाचली आणि पोटात गोळा आला. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पूर्व कोलकात्याच्या पाणथळीतही तो पसरलाय. मेक्सिकोतल्या इन्फिएर्नियो धरणात तर तिलापिया धरणाऱ्या कोळ्यांच्या जाळ्यात हाच भरू लागला. अंगावर हाडांचं चिलखत आणि परांना काटे, त्यामुळे जाळं फाटतं ते वेगळंच. अंडी घालायला तो काठाच्या मातीत तीन-तीन फूट बिळं खणतो. काठाला अशी भोकं पडली की पुढे काय होतं, हे माझ्यासारख्या प्लंबरला कुणी सांगायला नको.

याच कुळातला ब्रिसलनोज मात्र चार-पाच इंचांवर थांबतो. तो बीळ खणत नाही, तयार कपार शोधतो. त्यामुळे त्याची पैदास घरातच होते. मी दीड इंची पीव्हीसी पाइपचे सहा इंची तुकडे कापले आणि एका तोंडाला एंड कॅप बसवली. नर आत गेल्यावर अंग दोन्हीकडे टेकलं पाहिजे. सैल पाइपकडे माझ्या नरानं ढुंकूनही पाहिलं नाही. नर ओळखायला सोपा, नाकाडावर फांद्या फुटल्यासारख्या मिशा असतात.

जोडी महिनाभर नुसती बसून होती. मग मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला, त्या रात्री मी टाकीतलं तिसरा हिस्सा पाणी काढून थोडं गार पाणी भरलं. तिसऱ्या दिवशी पाइपात नारिंगी अंड्यांचा घोस! मादी अंडी घालून मोकळी होते, पुढचं सगळं बापाकडे. तो तोंडाशी बसून रात्रंदिवस परानं वारा घालतो. पहिल्या खेपेला मी दर तासाला टॉर्च मारून बघत होतो. वैतागून त्यानं घोस बाहेर ढकलला आणि अंडी बुरशीनं पांढरी पडली. चूक माझीच. दुसऱ्या खेपेला टॉर्च मंडळींनी लपवून ठेवला. पाचव्या दिवशी पिल्लं फुटली, पोटाशी बलकाची पिवळी पिशवी घेऊन आठवडाभर पाइपातच चिकटून राहिली. त्यात चार तास वीज गेली. बॅटरीवरचा एअर पंप नसता तर सगळं संपलं असतं. बाहेर आली तेव्हा मोजली, त्रेसष्ट. उकडलेला दुधी चमच्याला टोचून तळाशी ठेवला की सगळी त्याच्यावर. ‘आधी माशांची भाजी, मग आपली,’ हे घरात रोज ऐकतो.

जर्मनीतल्या एका मासिकानं १९८८ पासून या कुळातल्या नाव नसलेल्या माशांनाही ‘एल’ क्रमांक दिले, म्हणजे घेणाऱ्याला आपण काय घेतोय ते कळावं. आपल्याकडे नाव असलेला मासाही नुसता ‘सकर’ म्हणून पिशवीत बांधून मिळतो. दुकानदारांनी टाकीवर जात आणि पूर्ण वाढीची लांबी लिहावी, एवढीच मागणी आहे. तोवर घेणाऱ्यानं पाठीवरच्या पराच्या काड्या मोजाव्यात. दहा किंवा जास्त भरल्या तर तो मोठा होणारा, घेऊ नका. ब्रिसलनोजला सात-आठच असतात.

ज्यांच्या घरी मोठा सकर आधीच आहे, त्यांनी तो नदीत, तळ्यात किंवा विहिरीत सोडू नये. मोठी टाकी असलेल्या कुणाला तरी द्यावा. आणि आपण पुढच्या रविवारी त्या लेखातली ती ओळ दुरुस्त करून छापावी, ही विनंती.

– एक निवृत्त प्लंबर, कराड