गिअरचा दांडा डुलतोय म्हणून गाडी विकू नकोस

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय बापू,

परवा फोनवर तू म्हणालास की दादांची गाडी आता काढून टाकतो, गिअरचा दांडा नुसता डुलतोय आणि तिकडच्या मिस्त्रीने गिअरबॉक्स खाली उतरवावा लागेल असं सांगितलंय. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. त्या गाडीतून दादांनी आपल्याला बारावीच्या परीक्षेला सोडलंय. म्हणून हे पत्र लिहितोय. वाच, आणि तोवर कुणालाही गिअरबॉक्सला हात लावू देऊ नकोस.

माझीही मारुती 800च, 1998 ची, चार गिअरची. गेल्या श्रावणात आईला घेऊन पन्हाळ्याला निघालो होतो. शिवाजी पूल, केर्ली, तिथवर सगळं ठीक. चढावरच्या एका वळणावर तिसऱ्यातून दुसरा टाकायला गेलो आणि चौथा पडला. गाडीने दोन हिसके दिले आणि बंद. मागे एसटी. आईने काही न बोलता दाराची कडी घट्ट धरली, तेवढं मला पुरे झालं. खरं तर त्याआधी सहा महिने दांडा सैल होता. न्यूट्रलमध्ये तो डावी-उजवीकडे चांगला चार बोटं हलायचा, पहिला म्हणून टाकावा तर तिसरा पडायचा. हाताला सवय झाली होती आणि त्या सवयीमुळे मी दुर्लक्ष केलं. ते चुकलंच.

मलाही एका गॅरेजमध्ये हेच ऐकवलं होतं: गिअरबॉक्स खोलायचा, आठ-नऊ हजार. मी गाडी घरी आणली आणि स्वतः खाली शिरून बघितलं.

आधी एक गोष्ट ध्यानात घे. जुन्या जीपमध्ये दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसलेला असतो. आपल्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे आडवे, आणि दांडा मागे, दोन सीटच्या मधे. मधलं अंतर जोडायला गाडीच्या पोटाखालून दोन रॉड जातात. एक रॉड हलतो, तो गिअर टाकतो. दुसरा गिअरबॉक्सला बोल्टने पक्का असतो, तो दांड्याच्या बैठकीला धरून ठेवतो आणि मागे रबरावर टेकतो. दांडा मधे एका गोळ्यावर फिरतो, त्या गोळ्याखाली नायलॉनची वाटी, आणि खालच्या टोकाला, जिथे रॉड जोडलाय तिथे, नायलॉनची बुशं, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या छोट्या पोकळ नळकांड्या. इतक्या ठिकाणी झीज होऊ शकते, आणि यातलं काहीही गिअरबॉक्सच्या आत नाही. शिवाय गोळ्याच्या वरचा दांडा लांब, खालचा आखूड. खाली केसभर सैल झालं तरी वर मुठीत ते कितीतरी पट होऊन जाणवतं. म्हणूनच माणूस घाबरतो.

आता तू काय बघायचंस ते सांगतो. गाडी सपाट जागेवर, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, आणि जॅकवर भरवसा ठेवून खाली मुळीच शिरायचं नाही. स्टँड लाव, नाहीतर ओळखीच्या कुणाचा पिट, म्हणजे गाडीखाली उतरायचा खड्डा, माग. सायलेन्सरचा पाइप त्या रॉडांच्या जवळूनच जातो, तो गार होऊ दे. मग वहिनींना गाडीत बसव आणि दांडा हळूहळू डावी-उजवी, पुढे-मागे हलवायला सांग. तू खाली टॉर्च धरून एकेक सांधा बघ. वरचा दांडा हलतोय आणि खालचा रॉड अजून जागेवरच, असं जिथे दिसेल, तिथे रोग. गिअरबॉक्सपाशी जो सांधा आहे तिथेही बोट लावून बघ. बोटाला टकटक कळते, डोळ्याला कधीकधी नाही.

दोन-तीन गोष्टी मात्र वेगळ्या ओळख. अॅक्सिलरेटर दाबला-सोडला की दांडा पुढे-मागे उडी मारत असेल तर इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर टेकतं ती रबरं, बसलंय, बुशाचा दोष नाही. सगळेच गिअर करकरत पडत असतील, रिव्हर्स तर जास्तच, तर आधी क्लच केबल बघ. आणि पडलेला गिअर चालत्या गाडीत आपोआप सुटत असेल, सांधे सगळे घट्ट असूनही, तर मग मात्र आतलं काम आहे आणि तुझा मिस्त्री बरोबर. पण तू फोनवर सांगितलंस की पडलेला गिअर सुटत नाही, फक्त सापडत नाही. म्हणून मी इतक्या खात्रीने लिहितोय.

माझ्या गाडीत दांड्याच्या खालच्या टोकाची बुशं गेली होती. बोल्ट काढला आणि बुश हातात घेतलं तर ते गोल राहिलंच नव्हतं. एका बाजूला भिंत कागदाइतकी पातळ, दुसऱ्या बाजूला मूळची जाड, मधलं भोक अंड्यासारखं लांबट. कडेचा एक तुकडा नखाने दाबला तर कटकन मोडला. इतकी वर्षं सायलेन्सरची धग आणि रस्त्याची धूळ खाल्ल्यावर नायलॉनचं असंच होणार. नवा बुशचा सेट, वाटीसकट, तीनशेच्या आत मिळाला.

बसवला, तरी थोडा खेळ राहिलाच! तिथे मी निराश झालो होतो. मग तो सांधा पुन्हा खोलला आणि बुशाच्या आत जी लोखंडी नळी असते, ज्यातून बोल्ट जातो, ती व्हर्नियरवर, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या पट्टीवर, धरली. एका दिशेने मापली आणि मग काटकोनात फिरवून मापली, तर दोन मापांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक. नळीच चपटी झाली होती. ती घेऊन शिवाजी उद्यमनगरात गेलो. तिथल्या बोळात एकाच लेथवर काम करणारे एक वयस्कर काका आहेत, ऑइल इंजिनाच्या सुट्या भागांत ज्यांचा जन्म गेला. मी म्हटलं, काका, बुशंच पितळेची करून द्या, परत बघायला नको. त्यांनी नळी बोटात फिरवली आणि म्हणाले, "पितळ कशाला? सगळी थरथर दांड्यात येईल, रात्रंदिवस खडखड ऐकत बसशील. बुश नायलॉनचंच राहू दे, नळी मी नवी करतो." आणि नळी कापताना ती बुशांच्या एकूण लांबीपेक्षा किंचित जास्त ठेवली. का, तर बोल्ट आवळल्यावर दाब नळीवर यावा, बुशं चिमटून दांडा जाम होऊ नये. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. तू नळी बदललीस तर हे विसरू नकोस.

नळीला ग्रीस लावून सगळं परत जोडलं. मागचं रबरही फुगून चिरलं होतं, ते बदललं. आणि दांड्याभोवतीचा वरचा रबरी बूट फाटलेला असेल तर आत्ताच नवा घाल, नाहीतर खालची धूळ-पाणी थेट त्या वाटीत जातं आणि दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच.

संध्याकाळी रंकाळ्याला एक फेरी मारली, मग फुलेवाडीपर्यंत. बापू, पहिल्यातून दुसरा पडताना जो बारीक टक् असा आवाज येतो ना, तो कितीतरी वर्षांनी ऐकला. दांडा न्यूट्रलमध्ये सोडला की आपोआप मधे येऊन उभा राहत होता. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन पन्हाळ्याला गेलो, त्याच वळणावरून. दुसरा पडला, आणि आई खिडकीतून बाहेर बघत होती.

तू रविवारी सकाळीच खाली शिरून बघ आणि काय दिसलं ते मला फोन करून सांग. जे काढशील ते फेकू नकोस, नळी तर अजिबात नको. सगळं पिशवीत घालून दिवाळीला येताना घेऊन ये, उद्यमनगरात काकांकडे आपण दोघे जाऊ. गाडी घेऊनच आलास तर आणखी बरं, पिटची सोय मी करून ठेवतो.

दादांना नमस्कार सांग. वहिनींना आणि पोरांना आशीर्वाद.

तुझा,
आप्पा