डॉसन सिटीहून पत्र

प्रिय आई-बाबा,

सा. न. वि. वि. कॅनडाच्या उत्तरेत, युकॉनमध्ये आहे, व्हाइटहॉर्सहून गाडी काढून डॉसनला आलोय, वाटेत माणसं कमी आणि झाडंच जास्त. आई, रात्रीचे अकरा वाजून गेलेत आणि बाहेर लख्ख उजेड, जाड पडदे ओढल्याशिवाय झोप येत नाही.

१८९६ च्या ऑगस्टमध्ये इथल्या ओढ्यात सोनं सापडलं आणि सगळी दुनिया इकडे धावली, लाखभर लोक निघाले म्हणतात, पोचले त्यातले तीस-चाळीस हजार. वाटेतल्या चिलकूट खिंडीत कॅनडाचे पोलीस वर्षभराचं सामान असल्याशिवाय पुढे सोडायचे नाहीत, म्हणजे माणशी जवळपास टनभर ओझं, ते बर्फात खेपा घालून घालून वर चढवायचं, आणि एवढं करून पोचल्यावर कळायचं की चांगल्या जागा आधीच गेल्यात! जे मूळचे इथले, त्या त्रॉन्देक ह्वेचिन लोकांना मात्र त्यांचा चीफ आयझॅक या गर्दीपासून लांब, नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइडला घेऊन गेला. २०२३ ला युनेस्कोने हा भाग वारसा यादीत घेतला तो त्यांच्या जागांसकट, हे बरं केलं.

बाबा, तुम्हाला मात्र ड्रेज नंबर ४, म्हणजे सोनं खणायचं अजस्र यंत्र, दाखवायला हवं होतं. १९१२ चं मशीन, आठ मजली, खालचा तळ लाकडी, आणि हे धूड चक्क तरंगायचं, तेही स्वतःच खणलेल्या तळ्यात! पुढे रहाटगाडग्यासारखी लोखंडी बकेटांची माळ जमीन उकरणार, आत माती धुऊन सोनं वेगळं होणार, मागून दगडगोटे बाहेर पडणार, म्हणजे तळंसुद्धा त्याच्यासोबत पुढे सरकतंय. सगळं विजेवर. जमीन बारमाही गोठलेली, म्हणून आधी पाईप ठोकून पाणी सोडून ती वितळवायची आणि मगच खणायची. १९५९ पर्यंत चालवलं. गावाबाहेर त्या दगडांचे ढीग मैलोन् मैल अजून तसेच पडलेत, ओढ्याची पार वाट लावलीय.

पॅलेस ग्रँड थिएटर १८९९ चं सांगतात पण आत्ताचं नंतर नव्याने उभारलेलं आहे, मला जरा नटवल्यासारखं वाटलं. त्यापेक्षा एकमेकांवर रेललेली जुनी लाकडी घरं आवडली, घरातल्या उबेने खालची गोठलेली जमीन वितळली आणि घरं कलली.

ड्रेजच्या गिअर्सचे फोटो ग्रुपवर टाकलेत, आई, त्यांना झूम करून दाखव नाहीतर चष्मा शोधत बसतील. आणि बाबा, बीपीची गोळी वेळेवर घ्या.

तुमचा,
मन्या