कोंबडीचा दर आणि त्यामागचा करार

संपादक महोदय,

कोंबडीचे दर चढले की ग्राहक हवालदिल आणि उतरले की पोल्ट्रीधारक अडचणीत, अशा दोन ठरलेल्या बातम्या वर्षभर आलटून-पालटून येत असतात. हा दर ज्या पद्धतीतून निघतो तिच्याविषयी मात्र फारसे छापून येत नाही, म्हणून हे पत्र.

राज्यातील ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या, कोंबड्यांचा मोठा हिस्सा आज करार पद्धतीने वाढवला जातो. पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीची. शेड, वीज, पाणी आणि घरादाराचे श्रम शेतकऱ्याचे. सुमारे चाळीस दिवसांत पक्षी दोन किलोंच्या आसपास भरला की कंपनी तो उचलते आणि किलोमागे संगोपनाचा मोबदला देते. पण मरतुक किती झाली आणि किती खाद्यात किती वजन आले, यावर तो मोबदला कमी-जास्त होत असल्याने पिल्ले मुळातच अशक्त निघाली किंवा खाद्य निकृष्ट आले तरी त्याचा फटका शेतकऱ्यालाच बसतो. पक्षी कंपनीच्या मालकीचे, म्हणून ते बाहेर विकता येत नाहीत. शेडचे कर्ज मात्र त्याच्या नावावर. याला उद्योजक म्हणण्याची सरकारी पद्धत मला कधीच कळलेली नाही. त्याच्याकडे राबणाऱ्या मजुरांचा तर करारात उल्लेखही नसतो. तुसाच्या गादीत साचलेल्या विष्ठेतून उठणाऱ्या अमोनियाने डोळे चुरचुरतात, आणि पक्षी अंधारात शांत असतात म्हणून गाडी बहुधा रात्रीच भरावी लागते.

पक्ष्यांची स्थिती वेगळी सांगायला नको. झपाट्याने वजन वाढावे म्हणून निवडलेल्या या जातींना स्वतःचा भार पायांवर पेलत नाही. अंड्यांच्या कोंबड्यांना पिंजऱ्यात मिळणारी जागा बहुधा टंकलेखनाच्या एका कागदाहूनही कमी असते, त्यामुळे पंख पसरणे अशक्यच. विधी आयोगाने 2017 साली आपल्या 269व्या अहवालात या प्रश्नाची दखल घेतली होती.

इतकी दाटी असली की रोग पसरायला वेळ लागत नाही. देशातील पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला आढळला आणि 2021 मध्ये तो तेथे पुन्हा आला. रोगाच्या धास्तीने आणि वजनाच्या लोभाने प्रतिजैविके (अँटिबायोटिक्स) खाद्य-पाण्यातून दिली जातात. कोलिस्टिन हे माणसांसाठी अखेरच्या उपायांपैकी एक मानले जाणारे औषध. अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांकरिता त्याचे उत्पादन आणि विक्री यांवर केंद्राने जुलै 2019 मध्ये बंदी घातली. मांस नीट शिजवले की जंतू मरतात, हे खरे. पण प्रतिजैविकांच्या अशा वापरातून तयार झालेले, औषधाला न जुमानणारे जंतू कच्चे मांस हाताळणाऱ्यांच्या हातांवरून आणि खत म्हणून शेतात टाकलेल्या विष्ठेतूनही पसरतात, तेव्हा शाकाहारी वाचकांनीही निर्धास्त राहू नये.

दिवाळीत खव्याच्या नमुन्यांची जितकी चर्चा होते, तितकी अन्न व औषध प्रशासनाने तपासलेल्या कोंबडीच्या नमुन्यांची झालेली माझ्या वाचनात नाही. ती व्हावी. शिवाय प्रत्येक शेडवर कोणते औषध, कोणाच्या सल्ल्याने, किती दिवस दिले याची नोंदवही ठेवण्याची आणि करारपत्राची मराठी प्रत शेतकऱ्याला देण्याची सक्ती पशुसंवर्धन विभागाने कंपन्यांवर करावी, आणि पिल्ले व खाद्य यांच्या दर्जाबाबतची तक्रार ऐकण्यासाठी तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला अधिकार द्यावेत.

आपला,
एक वाचक, नाशिक