मॅस्टोडॉनवर हॅशटॅग रिकामा का दिसतो?

महोदय,

मॅस्टोडॉनवर (अनेक स्वतंत्र सर्व्हर मिळून बनलेल्या समाजमाध्यमावर) #बेळगाव शोधून ‘इथे मराठी कोणीच नाही’ म्हणत खानापूर-निपाणीकडची मंडळी परत फिरतात, याची हळहळ वाटते. पोस्ट असतात, त्या आपल्या सर्व्हरपर्यंत पोचलेल्या नसतात. छोट्या सर्व्हरवरच्या कोणीच त्या लेखकाला फॉलो केलेले नसेल, तर टॅग बहुधा रिकामाच दिसणार. तोच टॅग मोठ्या सर्व्हरच्या पानावर उघडावा, आवडलेल्या पोस्टची लिंक आपल्या सर्व्हरच्या शोधचौकटीत चिकटवावी आणि लेखकाला फॉलो करावे. त्याच्या पुढच्या पोस्ट आपोआप येऊ लागतात (जुन्या सगळ्या येत नाहीत). लिहिणाऱ्यांनी पोस्ट सार्वजनिक ठेवावी, नाहीतर ती टॅगखाली येतच नाही. आणि शुद्धलेखन! बेळगाव, बेळगांव, बेळगावी हे तीन वेगळे टॅग ठरतात. २०१४च्या नामांतराने त्यात भरच पडली. तिन्ही फॉलो करावेत; टॅग फॉलो करण्याची सोय २०२२पासून आहे.

— एक वाचक, बेळगाव