पाटी लावली, पण छप्पर कोण शाकारणार?

प्रति,
मा. अध्यक्ष,
ऐतिहासिक वास्तू जतन आयोग, न्यूयॉर्क शहर

सप्रेम नमस्कार.

मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड वस्तीत, नॉरफोक स्ट्रीटवर १८५० साली बांधलेलं एक चर्च १८८५मध्ये रशियातून आलेल्या ज्यू मंडळींनी विकत घेतलं. त्याचं बेथ हामेद्राश हागादोल हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ झालं. शहराचे मुख्य रब्बी (ज्यू धर्मगुरू) म्हणून १८८८मध्ये व्हिल्नाहून (आजचं लिथुएनियातलं व्हिल्नियस) आणलेले जेकब जोसेफ इथेच प्रवचनं देत. मान मोठा, पण पगारासाठी कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे कापलेल्या कोंबडीवर कर बसला आणि गरीब गिऱ्हाइकं त्यांच्यावरच चिडली. १९०२मध्ये ते वारले, तेव्हा मात्र त्याच गल्ल्या माणसांनी फुलून गेल्या. ग्रँड स्ट्रीटवर छपाईयंत्रांच्या कारखान्यातल्या कामगारांनी वरून अंत्ययात्रेवर मिळेल ते फेकलं. पोलीस आले आणि त्यांनी झोडपलं शोक करणाऱ्यांनाच!

एवढं सगळं पाहिलेल्या या वास्तूला आपल्या आयोगाने १९६७मध्येच संरक्षण दिलं. पुढे काय झालं? वस्तीतली पुढची पिढी ब्रुकलिन-ब्राँक्सकडे सरकली, मूठभर वृद्ध भाविक उरले, २००७मध्ये दार बंद झालं. मे २०१७मध्ये आग लागली आणि उरलंसुरलं पाडावं लागलं. रिव्हिंग्टन स्ट्रीटवरच्या रुमानियन सिनेगॉगला तर संरक्षणही नव्हतं. तिथे मोठमोठे गायक प्रार्थना गात. २००६मध्ये त्याचं छप्पर कोसळलं आणि त्याच वर्षी ते जमीनदोस्त झालं. मग यादीत असण्या-नसण्याने फरक काय पडला?

संरक्षित वास्तू सुस्थितीत ठेवणं ही मालकाची जबाबदारी, असं आपला कायदा सांगतो. मालक बिल्डर असेल तर त्याला जरूर दंड करा. पण सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवतानाही ज्यांची दमछाक होते, त्यांना नोटीस पाठवून कौलं बसणार आहेत का? एल्ड्रिज स्ट्रीटचं १८८७चं सिनेगॉग वाचलं, कारण माणसं वीस वर्षं पैसे गोळा करत राहिली. २००७मध्ये काम पुरं झालं. प्रत्येक इमारतीला असं नशीब नसतं.

मी मराठी, या प्रश्नात माझं काय, असं आपल्याला वाटेल. आमच्या अलिबाग-रेवदंड्याचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यूही बहुतेक इस्रायलला गेले. माणसं निघून गेल्यावर सिनेगॉगची डागडुजी करायची कुणी, हा पेच आम्हाला परका नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. संरक्षित प्रार्थनास्थळांची दरवर्षी पाहणी करा आणि अहवाल लोकांसमोर ठेवा. मोजकेच भाविक उरलेल्या प्रार्थनास्थळांसाठी छप्पर व पाया यांपुरता तातडीचा निधी उभारा. तो कर्जरूपाने नको, कारण ते फेडायला पुढे माणसं उरतीलच असं नाही. पहिली फेरी लोअर ईस्ट साइडमध्ये आणि यंदाचा बर्फ पडायच्या आत व्हावी. रिव्हिंग्टन स्ट्रीटचं छप्पर जानेवारीत कोसळलं होतं.

आपला,
क्वीन्समधला एक मराठी रहिवासी