आबा, स्कीडू चालू झाली

ती. आबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर इथल्या बंद पडलेल्या स्कीडूचं, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीचं (कुठल्याही कंपनीची असो, इथं स्कीडूच म्हणतात), सांगत होते, तुम्ही "करंट बघितलास का, करंट" असं विचारत होता आणि तेवढ्यात रेंज गेली, म्हणून आता सगळं सविस्तर लिहूनच पाठवते, अर्धवट सांगितलं की तुम्हाला झोप लागत नाही ते मला माहीत आहे.

गाडी माझी नाही, शेजारच्या आजोबांची. ते इथले, उत्तर कॅनडातले मूळचे, डेने नावाच्या आदिवासी लोकांतले. ग्रेट स्लेव्ह लेक हा इथला मोठा तलाव गोठला की बर्फाला भोकं पाडून खाली माशांसाठी जाळी लावतात, आणि घरात शेगडी पेटवायला लागणारं लाकूड पण याच गाडीच्या मागं स्लेज बांधून आणतात, म्हणजे गाडी बंद तर त्यांचं सगळंच बंद. यामाहा ब्राव्हो आहे, 250 सीसी, टू-स्ट्रोक, एकच सिलेंडर, हवेवर थंड होणारं इंजिन, सेल्फ नाही, रस्सी ओढून चालू करायची. बघितल्याबरोबर मला आपल्या गॅरेजमधली आरएक्स 100 आठवली, ऑइलची वेगळी टाकी आणि पंप पण तसाच.

सीझन सुरू व्हायच्या आधी त्यांच्या पुतण्यानं सर्व्हिसिंग केलं होतं. कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देतो तो) खोलून साफ केला, फ्युएल फिल्टर बदलला, प्लग नवा टाकला, क्लचचा बेल्ट पण नवा. आणि त्यानंतर गाडी चालूच होईना. आदल्या सीझनला चालत होती, म्हणून सगळ्यांचा संशय कार्बोरेटरवर, तो परत खोलायला निघाले होते, मी म्हटलं थांबा, आधी आमच्या आबांच्या क्रमानं बघूया, आधी करंट, मग दाब, मग पेट्रोल.

बाहेर उणे 32, दिवस जेमतेम पाच तासांचा, आजोबांच्या लाकडी शेडमध्ये काम केलं, हीटर मुद्दाम लावला नाही कारण पेट्रोल उघडं होतं. इथं एक गोष्ट फार जपायला लागते, एवढ्या थंडीत पेट्रोल गोठत नाही पण बाहेरच्या हवेएवढंच गार असतं, हातावर सांडलं की कातडी तिथल्या तिथं करपल्यासारखी होते, त्यामुळे मी रबरी हातमोजे घालूनच बसले होते, आईला सांगा काळजी करू नको.

करंट बघितला, म्हणजे प्लगला ठिणगी पडते का ते. प्लग काढून बॉडीला टेकवला, रस्सी ओढली, ठिणगी निळी, टकाटक. इंजिन बंद करायचा किल स्विच बरोबर. यामाहाच्या या गाड्यांना अजून एक सेफ्टी असते, थ्रॉटल (रेस) सोडल्यावर कार्बोरेटरचा स्लाइड (आतला वरखाली सरकणारा भाग) खाली आला नाही तर करंट तोडते, आणि कार्बोरेटर काढून बसवला की केबलचा ताण चुकून हीच भानगड होते, म्हणून ते पण तपासलं, ठीक होतं. रस्सीला दाब चांगला, म्हणजे कॉम्प्रेशन आहे. पण एवढं ओढूनही प्लग कोरडा ठणठणीत! तिथंच मला कळलं की जायचं कुठं. प्लगच्या भोकातून थोडं पेट्रोल आत सोडलं, प्लग लावला, ओढली, गाडी दोन सेकंद गुरगुरली आणि मेली. परत तेच. म्हणजे इंजिन तयार आहे, पेट्रोलच येत नाही.

आता आबा, इथं तुमच्या आरएक्सपेक्षा वेगळं आहे ते नीट ऐका. आपल्याकडे टाकी वर, कॉक उघडला की पेट्रोल आपोआप खाली. या गाडीत टाकीतलं पेट्रोल वर खेचायला लागतं, त्यासाठी छोटा पंप असतो, पण त्याला ना मोटर ना वायर. क्रँककेसमधून (पिस्टनच्या खालची बंद पेटी) एक बारीक रबरी नळी पंपाला जाते, पिस्टन वरखाली झाला की आतला दाब कमीजास्त होतो आणि त्या फुंकरीवर पंपातला पडदा हलतो. पंप इंजिनाच्या श्वासावर चालतो! मला ही करामत फार आवडली.

मग ती नळी पंपाकडून सोडली, तोंडावर बोट ठेवलं आणि आजोबांना रस्सी ओढायला लावली. काहीच लागेना बोटाला. क्रँककेसकडून पण नळी सोडली आणि तिथल्या नोजलजवळ बोट धरलं तर फुसफुस फुंकर लागत होती. म्हणजे दोष नळीतच. वरून बघितली तर काळी, धडधाकट, पण पंपाकडचं टोक वाकवल्यावर क्लिपच्या आत दडलेली चीर उघडली, नखाएवढी, आतून पार चिरलेली. रबर वर्षानुवर्षांच्या थंडीनं दगडासारखं झालेलं, सर्व्हिसिंगला काढून परत बसवताना तडकलं असणार, त्यात पुतण्याचा काय दोष, आणि मी त्याला तसं सांगितलं पण, बिचारा तोंड पाडून उभा होता.

चीर गेली तेवढा तुकडा कापला, नळी पुरेशी लांब होती. टोक थर्मासमधल्या गरम पाण्यात बुडवून मऊ केलं, पुसून कोरडं केलं, नोजलवर पूर्ण चढवलं, क्लिप लावली. चोक ओढून, थ्रॉटलला हात न लावता (थ्रॉटल दाबला की याचा चोक काम करत नाही) रस्सी ओढत राहिलो, आधी पंप आणि कार्बोरेटर भरायला वेळ लागला, मग एकदम धुराचा लोट आणि तोच आवाज, टू-स्ट्रोकचा. आजोबा काही बोलले नाहीत, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सरळ जाळी बघायला निघाले. दुसऱ्या दिवशी दारात दोन मोठे व्हाइटफिश मासे आणून ठेवले, मी त्याचं कोकम घालून कालवण केलं.

आता तुमच्यासाठी काम. आदल्या सीझनला नळी आतून थोडी चिरलेली असेल तर तिथून इंजिननं हवा ओढली असेल आणि मिक्स्चर कोरडं (हवा जास्त, पेट्रोल कमी) गेलं असेल, म्हणून पिस्टन जास्त तापून खराब झाल्याची भीती वाटते. जुना प्लग मी मागून घेतला, टोक पांढुरकं आहे, बदामी नाही. फोटो दादाच्या व्हॉट्सॲपवर टाकलाय. सिलेंडर उघडून बघावा की नवी नळी टाकून चालवावी, ते सांगा. यामाहानं 2023 मध्ये स्नोमोबाइल बंद करायचं जाहीर केलं, इथल्या बाजारात 2025 चं मॉडेल शेवटचं, त्यामुळे पिस्टन लागणारच असेल तर आत्ताच मागवून ठेवायला लावते. नळ्या सगळ्याच नव्या मागवल्यात.

बीपीची गोळी चुकवू नका. फोटो बघून लगेच कळवा, आजोबा रोज विचारतात तुझे वडील काय म्हणाले.

तुमची,
छोटी