पाठ पाहायचा, पण मुलांकडे बघून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षकांची शिक्षण परिषद म्हणजे सही, चहा आणि परिपत्रकांचं वाचन, असं तू फोनवर वैतागून म्हणालास. खरंच आहे ते. म्हणूनच आमच्या केंद्रात काय झालं ते सविस्तर लिहितोय.

तिसरीला शिकवणाऱ्या आम्हा सगळ्यांची अडचण एकच : ५२ वजा २७. मुलं बिनदिक्कत ३५ लिहितात. दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढून मोकळी होतात. आम्ही केंद्रप्रमुखांना गळ घातली, की या वेळी भाषण नको, पाठच घेऊ. पाठ सगळ्यांनी मिळून आखला, शिकवला एका बाईंनी. बाकीच्यांनी दोन-दोन मुलं वाटून घेतली आणि फक्त त्यांच्याकडे पाहिलं. जपानमधले शिक्षक शंभराहून अधिक वर्षं असंच करत आलेत.

माझ्या वाट्याच्या मुलीनं काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडल्या. एका गठ्ठ्याचं रबर काढलं, बारा सुट्या झाल्या, त्यातल्या सात बाजूला सारल्या, मग दोन गठ्ठे उचलले. उरल्या २५. अगदी बरोबर! आणि लगेच वहीत तेच गणित उभं मांडून लिहिलं ३५. काड्यांचा आणि वहीतल्या आकड्यांचा काही संबंध आहे, हे तिच्या गावीही नव्हतं. फळ्यापाशी उभं राहून, अख्खा वर्ग सांभाळत, हे कुणाला दिसणार रे?

चर्चेत "बाईंनी असं करायला हवं होतं" हे वाक्य वर्ज्य. मुलानं काय केलं, तेवढंच बोलायचं. त्यामुळे बाईसुद्धा मोकळेपणानं बोलल्या. ठरलं असं, की गठ्ठा सुटला की तिथल्या तिथे वहीत ५ खोडून ४ करायचे आणि २ च्या जागी १२ लिहायचे. सगळं काड्यांनी सोडवून मग एकदम वहीत लिहायचं नाही. हाच पाठ पुढे शेजारच्या शाळेत दुसऱ्या गुरुजींनी घेतला. फरक चांगलाच जाणवला, पण ६० वजा २४ आलं की अजूनही काही जण ४४ लिहितात. शून्याच्या वजाबाकीवर आता बसून विचार करायचाय.

साताऱ्याचं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, पाहायला राज्यभरातून शिक्षक जायचे, आठवतं? मुलांनी बसून शिकावं म्हणून वर्गाच्या फरशीवर केलेली तिथली आखणी अनेकांनी आपल्या शाळेत आणली. ती उपयोगाची आहेच. पण तिच्यावर बसलेलं मूल नेमकं काय करतंय, हे बघायला आणखी दोन डोळे लागतात.

तुझी शाळा द्विशिक्षकी, वर्ग सोडून येणं अवघड, ते मला कळतं. निदान शून्याच्या वजाबाकीच्या वह्यांचे फोटो पाठव, चुकलेल्याच वह्यांचे. पुढच्या बैठकीत तेच समोर ठेवून पाठ आखतो.

वहिनींना नमस्कार, चिमुरडीला गोड पापा.

तुझाच,
मित्र